बाबांचा डावा हात

३ तारीख, सोमवार
दवाखान्याच्या इंग्रजी परीक्षेत पुन्हा नापास! आता एकच संधी उरली. बटण, पट्टा, कडी, दोरी – इंग्रजीत प्रत्येकाला लावायचं क्रियापद वेगळं, काढायचं वेगळं. मी सरसकट 'ओपन' आणि 'क्लोज' ठोकून दिलं. क्लासच्या बाई म्हणाल्या, "शिंप्याची मुलगी ना तुम्ही? आणि बटणाला अडलात!"

४ तारीख
आपलं किती सोपं. बटण लाव, कडी लाव, पट्टा लाव, कुलूप लाव. त्यांच्याकडे बटणाला 'बटन', पट्ट्याला 'बकल', कडीला 'लॅच', दोरीला 'टाय'. 'फासन' बहुतेक वस्तूंना चालतं, पण परीक्षकांना नेमकं हवं असतं. काढायचं असलं की आधी 'अन' जोडायचा. 'लूझन' मात्र नुसतं सैल करणं – सोडणं नव्हे! तिथेच माती खाल्ली.

६ तारीख
क्लासला निघताना बाबांचा डावा हात खाटेला बांधला. उजवा अर्धांगाने गेलाच आहे. डाव्याने ते नाकातली नळी ओढतात, दोनदा रक्त आलं. घरात तिसरं कोणी नाही. "सोड गं," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, दोनच तास." डावखुरे आहेत ते. चाळीस वर्षं याच हाताने कापड बेतलं. मला माझीच लाज वाटते.

७ तारीख
पास झाले तर त्या दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतील. कामावरच्यांच्या आईवडिलांना तिथल्या वॉर्डात खाट मिळते. दिवसरात्र माणसं असतात. मग कशाला बांधावं लागेल? एवढं होऊ दे रे देवा!

९ तारीख
सराव बाबांवरच. सदऱ्याचं बटण – बटन, अनबटन. मनगटाची पट्टी – टाय, अनटाय, टाय, अनटाय... सहाव्या वेळी त्यांनी तोंड फिरवलं. मी काय करतेय हे! वही भिरकावली, ढसाढसा रडले. मग उचलली.

१२ तारीख
परीक्षा. खाटेवर माणसाएवढी बाहुली. एकही शब्द चुकला नाही. शेवटी परीक्षक तिच्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाले, "टाय." बांधलं. म्हणाले, "हात बसलाय तुमचा."

१५ तारीख
पास!! बाबा अर्ध्या तोंडाने हसले. "मोकळा?" म्हणाले. म्हटलं, "हो बाबा, मोकळा."

१६ तारीख
वॉर्ड बघून आले. अठरा खाटा. अठराही जणांचे हात कठड्यांना बांधलेले. सिस्टर म्हणाल्या, "उद्या सोमवारी वडिलांना आणा. पहिल्या दिवशी तुम्हीच बांधा हं – परक्याने बांधलं की घाबरतात."