किल्लीची मुदत

१६ मार्च, शनि.
आज पुन्हा तेच. साडेनऊपासून चार पॅकेजं तयार करून बसले होते. स्वामी सर अकराला आले. कपाळावर विभूती, हातात पानाची पुडी. "ताई, झालं का तुमचं?" म्हणजे उशीर माझाच! खुर्चीत बसले, मला म्हणाले तिकडं तोंड करा, आणि टकटक टकटक, पाच सेकंदांत सही झाली. लगेच मालकांना फोन. "सोडलं बगा नवीन पॅकेज. व्हय, ताईंनी बी मदत केली की."
मदत. अकरा वर्षं मी मदतच करते आहे.
(पूर्ण नाव लिहायचा कंटाळा येतो. यापुढे स्वा. पुरे.)

१८ मार्च, सोम.
मावसबहिणीचा फोन. तू त्या चादरीच्या मिलमध्ये कॉम्प्युटरवर करतेस तरी काय? सांगितलं. मागावर मोर विणायचा की कमळ, हे मागाशेजारचा कॉम्प्युटर सांगतो. असे चोवीस. सगळ्यांवर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम. त्यांना काही नवीन द्यायचं तर त्याचं पॅकेज करून सर्व्हरवर ठेवायचं, त्या कोठाराला रेपो म्हणतात. ते चोवीस जण बाहेरचं काही घेत नाहीत, फक्त आमच्या रेपोतलं, आणि तेही त्यावर ओळखीच्या किल्लीची सही असेल तरच. किल्ली म्हणजे सर्व्हरवरची एक फाइल. ती स्वा.च्या नावाची, आणि ती उघडायचा पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, फक्त त्यांच्या डोक्यात.
"म्हणजे स्वयंपाक तू करतेस आणि वाढतात ते," ती म्हणाली.
लग्नात आहेर कमी दिला होता हिला. चुकलंच.

२ एप्रिल, मंगळ.
स्वा.ना परत विचारलं, माझ्या नावाची दुसरी किल्ली काढू या का. तुम्ही आजारी पडलात तर? म्हणाले, "एका दाराला दोन कुलपं कशाला ताई? मी हाय की."
आहात हो. तेच तर.

१३ एप्रिल, शनि.
दुसरंच काही शोधत होते. सर्व्हरवर किल्ल्यांची यादी काढली तर स्वा.च्या किल्लीसमोर मुदत दिसली. ३१ मे. याच वर्षीची.
आधी कळेना, हीच तारीख का. मग उलगडलं. स्वा.ची जन्मतारीख १ जून. खरी त्यांच्या आईलाही माहीत नव्हती, मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून लावला, हे त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. चौदा वर्षांपूर्वी किल्ली काढताना रिटायर व्हायच्या दिवसापर्यंतचीच मुदत टाकली. पुढं जो येईल तो आपली काढेल, असा हिशेब. आणि मागच्या दिवाळीत मालकांनी त्यांना अजून दोन वर्षं ठेवून घेतलं. पेढे वाटत फिरले सगळ्या खात्यांत. माणसाची मुदत वाढली, किल्लीची वाढवायची राहून गेली.
दोन मिनिटांचं काम. नवीन तारीख टाकायची आणि नवी प्रत चोवीस मशिनींवर पोचवायची.
सोमवारी सांगते.

१५ एप्रिल, सोम.
नाही सांगितलं. सांगणार होते, खरंच. पण मालकांसमोर स्वा. म्हणाले, "ताईंचा हात जरा हळू हाय, पण शिकतील की." बेचाळीस वर्षांची आहे मी. शिकतील!

११ मे, शनि.
उन्हाने जीव नकोसा झालाय. सर्व्हर रूममध्येच काय तो गारवा, म्हणून स्वा. सहीनंतर तिथेच पाय पसरून बसतात. वीस दिवस उरले. मनातल्या मनात मोजत होते, तेवढ्यात त्यांनी पाहिलं.
"ताई, का हसताय?"
"काही नाही सर, उकडतंय."
उकडतंय म्हणून कोणी हसतं का? त्यांना पटलं मात्र. वर आणि स्वतःचं ताक मला दिलं. प्यायले. छान होतं. तरीही नाही सांगितलं.

२८ मे, मंगळ.
हॉटेलवाल्यांच्या टॉवेलांची मोठी ऑर्डर लागली आहे. काठाला मोर. पण मोर उलटे येतायत, पाय वर आणि तुरा खाली. यल्लप्पा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, हातात टॉवेल घेऊन वर आला. "मॅडम, तुमचा मोर शीर्षासन करायलाय." चूक चित्राचं विणकामात रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. सापडेल.

३० मे, गुरु.
सापडली. दुरुस्ती झाली, पॅकेज तयार. आजच सही झाली तर किल्लीला काही होत नाही. उद्या झाली तरीही नाही. पण स्वा.चाच नियम आहे ना, सही फक्त शनिवारी. नियम मोडणारी मी कोण!
मालकांना सांगितलं, शनिवारी सकाळी मोर सरळ. ते म्हणाले, हॉटेलवाल्या पार्टीचा माणूस शनिवारीच येतोय बघायला, मग चांगलंच झालं.
मी म्हटलं, हो. चांगलंच झालं.

१ जून, शनि.
सविस्तर लिहिते. नंतर मीच मला खोटं सांगायला नको.
अकरा वाजता स्वा. आले. वाढदिवस म्हणून नवा शर्ट. सही करायला बसले. किल्लीची मुदत संपली, असं आलं. चष्मा पुसून परत वाचलं. परत तेच. एव्हाना खाली चोवीसच्या चोवीस मशिनी रेपोला ओळख दाखवेनाशा झाल्या होत्या, आणि पार्टीचा माणूस मागासमोर उलटे मोर बघत उभा. मालक वर आले, मागून मॅनेजर, त्यांच्या मागून यल्लप्पा. एवढीशी खोली.
स्वा. म्हणाले, "दोन मिंटं मालक. मुदत वाढिवतो." पण मुदत वाढवायलाही पासफ्रेज लागतोच. टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदाही तेच.
त्यांची बोटं एकट्यानेच चालतात, हे मला ठाऊक आहे. अकरा वर्षं मला तिकडं तोंड करायला लावलंय. पासफ्रेज त्यांच्या बोटांत बसलाय आणि पाठीशी कोणी उभं राहिलं की बोटं गांगरतात. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मालक, पाच मिनिटं बाहेर थांबू या. एवढंच.
मी काय म्हटलं? "सर, तुम्ही मोठ्याने सांगा ना, मी टाइप करते."
स्वा.चा चेहरा पांढरा पडला. मी घाबरलेला माणूस याआधी पाहिला नव्हता असं नाही, पण हे वेगळं होतं. "न्हाई ताई. ते सांगन्यासारखं न्हाई."
मालकांचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की मिलमध्ये माणसं बाजूला होतात. "माझ्या मिलमध्ये मला न सांगण्यासारखं काय आहे ओ?"
 समोरच्या भिंतीवर थोरल्या मालकांचा, म्हणजे यांच्या वडिलांचा, हार घातलेला फोटो. त्याच्याकडे बघून स्वा.नी मान खाली घातली.
"कुलूप लावून बसलाय व्हय? मुदतवाढ दिली ती यासाठी?"
 मालकांनी वॉचमनला बोलावलं, गळ्यातलं ओळखपत्र काढून घ्यायला लावलं. स्वा.च्या नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये दोरी अडकली. वॉचमनला निघेना. शेवटी मीच सोडवून दिली.
मग मी माझी किल्ली काढली. माझं नाव. चोवीस मशिनींवर जाऊन स्वा.ची काढली, माझी घातली. पाऊण तासात मोर सरळ. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम होत्या म्हणून आज अब्रू राहिली."
आनंद झाला. लिहूनच ठेवते. खूप आनंद झाला.

३ जून, सोम.
आता मी सिस्टिम इनचार्ज. स्वा.ची खुर्ची. जरा खोलगट आहे, बदलून घेईन.
मालकांनी वकील गाठलाय. मुद्दाम पासवर्ड लपवून मिल बंद पाडायला बघितली, अशी पोलिसांत तक्रार द्यायची म्हणतात. साक्षीला मी. तक्रार कशाला, मिल तर चालू आहे, असं मी पुटपुटले. "माझ्या बापाच्या मिलला कुलूप घातलंय त्यानं," एवढंच म्हणाले.
यल्लप्पा जाता जाता बोलून गेला. "म्हाताऱ्याला एकट्याला बसू दिलं असतं तर जमलं असतं की ओ मॅडम." तू आपले धागे बघ म्हटलं. बघतो म्हणाला, पण गेला नाही लगेच.

६ जून, गुरु.
स्वा.चा फोन. नवी पेठेत रसवंतीत बसलोय, येता का. गेले. न जाण्याची हिंमत झाली नाही.
पाच दिवसांत माणूस निम्मा झालाय. पोलिस गल्लीत आले तर धाकट्या मुलीच्या सासरी कळेल, एवढीच भीती. घरी गेल्या गेल्या पोराच्या लॅपटॉपवर नुसतीच बोटं फिरवली, पहिल्याच फटक्यात बरोबर उमटलं म्हणाले. मग मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं? त्यांनी एक घडी घातलेला कागद पुढं सरकवला. "फकस्त तुमाला दावतो. हसू नका."
कानडी, इंग्रजी अक्षरांत. सुरुवात थोरल्या मालकांच्या आईपासून, शेवट त्यांच्या चितेवर, मधे एक गाढव. इतकी घाणेरडी शिवी मी जन्मात वाचली नव्हती. आणि तीही छापखान्यासारख्या सुबक अक्षरात.
किल्ली काढली त्या दिवशी थोरल्या मालकांनी त्यांना केबिनबाहेर दोन तास उन्हात उभं केलं होतं. आत घेतल्यावर चार व्यापाऱ्यांसमोर म्हणाले, "काय स्वामी, भिक्षा मागायला आला का?" जंगमाला, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहिताला, हे असं. स्वा. तसेच मागे फिरले. सर्व्हर रूममध्ये आले, संगणकाने पासफ्रेज विचारला, हा टाकला. "तवापास्नं दर शनवारी, ताई. पूजा करायची, हितं यायचं, आन् ह्ये टाकायचं. थोरले गेल्यावर बदलायला पायजे होतं. पर हात बसला होता. खरं सांगू का, बरं वाटायचं."
मला हसू आलं नाही. यायला हवं होतं, इतकी चांगली शिवी.
मग म्हणाले, "मालकांना सांगा, म्हातारा इसरला. डोकं चालंना म्हना. चालंल मला. पर लपीवलं म्हनू नका."
आणि उठताना, "तारीख मीच इसरलो ओ. तुमाला कुटं दिसली न्हाई ना ती?"
"नाही सर."
"व्हय. दिसली असती तर तुमी सांगितलंच असतं की."
रसाचे पैसे त्यांनीच दिले. देऊ दिले मी.

७ जून, शुक्र.
सकाळी लवकर जाऊन स्वा.ची जुनी किल्ली त्या शिवीने उघडून पाहिली. उघडली. म्हातारा खरं बोलत होता.
दुपारी केबिनमध्ये गेले. स्वामी सर विसरले होते, गडबडीत आठवलं नाही, आता आठवलंय, किल्ली उघडते, असं सांगितलं. मालकांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "असं असेल तर तक्रार कशाला मग. माणूस जुना आहे. सोमवारी परत येऊ दे की. त्याचं तो सांभाळेल, तुम्ही आहातच मदतीला."
मदतीला.
पण लगेच, "उद्या अकराला वकील येतोय. त्याच्यासमोर तो पासफ्रेज काय आहे ते लिहून द्या आणि किल्ली उघडून दाखवा. आधी मला बघायचंय, एवढं काय लपवत होता. नाही उघडलं तर तक्रार जाणार."

८ जून, शनि.
साडेदहा झाले. सर्व्हर रूममध्ये आहे, दार लावून.
वाट सोपी आहे, कालपासून माहीत आहे. जुना पासफ्रेज टाकायचा आणि बदलायचा. महादेवाचं नाव, गावाचं नाव, काहीही. किल्ली तीच राहते, शिवी जाते. अकरा वाजता मालकांच्या हातात सभ्य कागद द्यायचा, समोर उघडून दाखवायचं. म्हातारा सुटला. सोमवारी या खुर्चीत.
किंवा काहीच करायचं नाही. कागद हरवला म्हणायचं, किंवा उघडत नाही म्हणायचं. कोण तपासणार? शिवी त्यांनी दिलेली, तारीख ते विसरले, चूक त्यांची. मी काय केलं? मी फक्त सांगितलं नाही.
जुना टाकलाय. नवीन टाका, असं आलंय. रिकामी चौकट.
स्वा.चा फोन येऊन गेला. घेतला नाही. परत आला. यल्लप्पाने दार वाजवलं. मॅडम, वकील आलेत, मालक इचारायलेत. आले म्हटलं.
फोन परत वाजतोय. वाजू दे. आधी चहा घेऊन येते.