ताप उतरल्यावर

ता. ३

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या भाऊजींना कालपासून सणसणून ताप आहे. अंग ठेचल्यासारखं दुखतंय. शिडीवर चढून पाट्या रंगवणारा माणूस, उशीवरून मान उचलत नाही! डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, मेहुणा औषधांच्या दुकानात असताना डॉक्टर कशाला? आता तूच बघ. उत्तर याच गाडीवाल्याबरोबर दे.

तुझी ताई

ता. ४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. सोबत अंगदुखीच्या गोळ्या पाठवतोय. दोन-दोन, दिवसातून तीनदा. आमच्याकडून रोज दहाजण नेतात आणि टुणटुणीत होतात. भाऊजींना सांग, सोंग पुरे, आमच्या दुकानाची पाटी अजून बाकी आहे. लोभ आहेच, तो रागावून कमी करू नये.

तुझा धाकटा

ता. ७

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझ्या हाताला गुण आहे हो! ताप पार उतरला. आज ब्रशही हातात घेतला होता, पण तासाभरात उलट्या सुरू झाल्या. पोटात उजवीकडे दुखतं, लघवी कालपासून एकदाच झाली. पण ताप नाही, म्हणून मी निर्धास्त आहे. गोळ्या संपत आल्या, आणखी पाठव.

ताई

ता. ८

ताई, वाचशील तशी उठ. गोळ्या बंद कर, त्यांना हॉस्पिटलात ने. हा डेंग्यू असणार. त्यात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो, आणि या गोळ्या त्यात द्यायच्या नसतात. मला हे माहीत होतं गं, तरी आधी रक्त तपासा एवढं लिहायचं सुचलं नाही. गोळ्या मी दिल्या म्हणून डॉक्टरांना माझं नाव सांग.

धाकटा

ता. ११

चि. धाकट्यास,

तुझं पत्र यायच्या आधीच शेजाऱ्यांनी त्यांना उचलून हॉस्पिटलात नेलं होतं. डोळे पिवळेधमक झालेत. लिव्हर गेल्यात जमा आहे, किडन्या बंद पडल्यात. कालपासून डायलिसिसचं मशीन लावलंय, आणि हिरड्यांतून रक्त येतंच आहे. मला ओळखत नाहीत. गोळ्या कुणी दिल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, मीच आणल्या. मघाशी डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या.

माझा तुझ्यावर राग नाही, असं लिहायला बसले होते. ते खरं नाही. राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. तरी आजच्या गाडीने ये. त्यांना घरी न्यायचं माझ्या एकटीच्याने व्हायचं नाही.

ताई