दगडातला नेचा

अम्मा, गगनबावड्यासनं तुझ्या बाबालालचा सलाम.

मी खुशाल हाय. जेवण वेळेवर मिळतंय, खोकलाबी कमी हाय. तुझ्या गुडघ्याचं कसं हाय?

घाटातली जुनी धर्मशाळा रस्त्यासाठी पाडायची हुती. त्याआधी नोंदीसाठी तिचं चित्र काढायला रस्त्याच्या साहेबांनी मला धाडलंतं. पहिल्यांदा ती मला शेरडांचा गोठाच वाटलती. चित्र काढायला बसलो तवा दिसलं की, खांबावर नेच्याची पानं कोरल्यात आणि त्याच खांबाच्या फटीत खरा नेचा उगवलाय. दगड कुठं सरतो नि पान कुठं सुरू होतं, कळंना. म्हटलं, हे असंच कागदावर उतरलं तर साहेब पाडायचं न्हाईत. जीव ओतला, अम्मा.

साहेब चित्र बघून खूश झाले. म्हणाले, "झकास! आता कागदावर हाय की. दगड कशाला ठेवायचा?" दुपारीच घण पडायला लागले.

पुढच्या वळणावर जुनी पाणपोई हाय, तीबी पाडायची हाय. आता तिचं चित्र. न्हाय म्हणावं, तर दुसरं काम न्हाय.

धाकट्या रोशनबीला दुवा सांग.

पाणपोईच्या म्होरनं रोज जातो, अम्मा. अजून मान वर करून बघितली न्हाय.

तुझा लेक,
बाबालाल