सुनंदाचा गोल शालू

जळगाव,
मंगळवार, माघ वद्य ५, शके १८७८

चि. सौ. कां. सुनंदा हिस,

भागाबाईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दुपारच्या टपालानं पोचलं. आम्ही इकडे बरे आहोत. निवडणुकीच्या मोटारी दिवसभर कर्णे लावून गल्लीतून फिरतात आणि बेबा त्यांच्यामागे धावून धावून घोषणा शिकली आहे. काल संध्याकाळी देवापुढे हात जोडून तिनं देवाकडेच मत मागितलं. तुझ्या नानांचा खोकला कसा आहे? सोनगीरला वारा फार. त्यांना म्हणावं, कानाला उपरणं गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नका.

पत्रात तू दोन गोष्टी विचारल्यास. सोपी आधी सांगते.

यंदाच्या लग्नसराईत नवऱ्या काय नेसताहेत, हे तू बरोबर माणसाला विचारलंस. बेबाच्या आजोबांचा सगळा जन्म कापडदुकानाच्या गादीवर गेला. दुकानात काय आलं, काय खपलं, काय पडून राहिलं, हे मला जेवताना ऐकावंच लागतं. भाजीत मीठ नसलं तर त्यांना कळत नाही, पण जरीत खोट असली तर अंधारातही कळते. तर यंदा पैठणीला गिऱ्हाईक कमी. जड होते म्हणतात हल्लीच्या पोरी. बनारसी शालूच चालतोय, तोही गोल नेसायचा, सहावारी. नऊवारी शालू आता कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. काठ बारीक आणि पदर भरगच्च, अशी नवी तऱ्हा आहे. लाल-हिरव्याला कुणी हात लावत नाही. अबोली हवा, मोतिया हवा, आणि परवा धरणगावच्या एका नवरीनं चक्क आकाशी घेतला. तिची आजी दुकानातच कपाळाला हात लावून बसली, म्हणाली, "ही बोहल्यावर चढस का कॉलेजमा जास?" पोलक्याच्या फुग्याच्या बाह्या गेल्या. आता बाही कोपरापर्यंत, अंगाबरोबर. नायलॉनही आलंय. अख्खं पातळ मुठीत मावतं. मला विचारशील तर मुठीत मावणारं कापड अंगावर असून नसल्यासारखं, पण हौसेला मोल नाही.

आणि गोल नेसायचं तर परकराची नाडी घट्ट बांध. आतापासून घरात रोज घटकाभर नेसून चालत जा. नाहीतर सप्तपदीला निऱ्यांत पाय अडकायचा.

झाली सोपी गोष्ट. आता दुसरी.

तू लिहिलंस, "बस्त्याच्या दिवशी तुम्ही मधेच उठून गेलात. माझं काय चुकलं? तुमचं मन नसेल तर मी नानांना सांगून लग्न मोडते. मेलेल्या बाईच्या आईचा तळतळाट घेऊन मला त्या घरात जायचं नाही." तुझ्या मावशीनं म्हणे अपशकुन झाला म्हणून सांगितलं.

खोटं कशाला बोलू, ते वाचलं आणि क्षणभर मला बरं वाटलं. हे लग्न मोडलं तर बेबा माझ्याजवळ राहील, हेच पहिलं मनात आलं. माझी लेक कुंदा गेली तेव्हा बेबा रांगत होती. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले, त्यात ती गेली आणि पोटातलंही गेलं. धुळ्याहून ही एवढीशी पोर मी खांद्यावर टाकून आणली. तेव्हा गिरधररावांनी सांगितलं होतं, घरात बाई आली की बेबाला घेऊन जाईन. बाप आहेत ते, त्यांचा हक्क आहे. पण पोर माझी झाली ना गं मधल्या काळात. म्हणून तुझं पत्र वाचून बरं वाटलं. मग तेच पत्र परत वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली.

आता मी का उठले ते सांगते. तुला ठाऊकच आहे, आमच्याकडे बिजवराचं लग्न असलं की पहिलीच्या आईलाही बस्त्याला बोलावतात. शालू तिनं हळदकुंकू लावून दुसरीच्या हातात द्यायचा. दिला की ती हिची लेक झाली, हे घर तिचं दुसरं माहेर झालं, आणि मगच तिच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचा. रीत चांगली आहे. ज्यानं कुणी घातली त्यानं जाणत्या बाईला विचारून घातली असणार. मी ठरवूनच आले होते, घराबाहेर पडताना देवाला सांगून आले होते, की हसतमुखानं देईन.

बेबाचे आजोबा शालू दाखवत होते. बाईमाणसाला पदर कसा पडेल ते कळावं म्हणून ते स्वतःच्या खांद्यावर घेऊन दाखवतात, तसे दाखवत होते. आपल्या लेकीच्या जागी जाणाऱ्या पोरीचा शालू खांद्यावर घेतला होता त्यांनी, पण हात जरासुद्धा हलला नाही. "हा अबोली बघा, पाण्यासारखा पडतो, चुणी धरत नाही," सगळं नेहमीसारखं. घरी आल्यावर मात्र त्यांनी उपरण्याची घडी केली, उलगडली, परत घडी केली. जेवायला बोलावलं तर म्हणाले, आज दुकानात फार गिऱ्हाईक होतं.

तर दुकानात ते शालू दाखवत असतानाच विहीणबाई, तुझ्या होणाऱ्या सासूबाई, म्हणाल्या, "आते जमाना बदली गया, बाई. सुनंदाले गोलच लेवानं."

सुनंदा, तुला माहीत नाही. कुंदाचा बस्ताही याच दुकानात बांधला. तिला गोलच हवा होता. तेव्हा नुकतीच ती तऱ्हा आली होती. अंजिरी रंगाचा एक सहावारी शालू होता, त्याच्या पदराचं टोक ती ढिगाखाली धरून बसली होती. मी विहीणबाईंना म्हटलं, पोरीची हौस आहे, घेऊ या. तर म्हणाल्या, "आम्हना घरमा गोल पातळ चालस नही. नवरी शे का मास्तरीण?" सगळे हसले, कुंदापण हसली, आणि तिनं ते टोक सोडलं. शालू मुलाकडचा, त्यापुढे आमचं काय चालणार! मग जांभळा नऊवारी आला. तिला फार शोभला, ते मी नाही म्हणत नाही. तो तिनं एकदा बोहल्यावर नेसला. दुसऱ्यांदा आम्ही नेसवला. सवाष्ण गेली म्हणून शालूच नेसवून पाठवली. तो तिच्याबरोबरच गेला.

म्हणून विहीणबाई परवा असं म्हणाल्या ते मला लागलं. जमाना बदलला, हो, बदलला. पण माझ्या पोरीसाठी थोडा आधी बदलला असता तर काय बिघडलं असतं? पण तेवढ्यानं मी उठले नसते. विहीणबाई मुद्दाम टोचणाऱ्या नाहीत. त्या विसरल्या होत्या. सगळ्यांनाच सगळं लक्षात ठेवायला कसं जमेल?

उठले ती पुढच्या गोष्टीनं. लिहू की नको म्हणून मघापासून पेन खाली ठेवतेय. पण तू सरळ विचारलंस, तर सरळ सांगते.

तुझ्या डोक्यावरून एक मोतिया शालू घेऊन विहीणबाईंनी तुला आरशापुढे बसवलं. बेबा माझ्या मांडीवर होती. तिला घरात सगळ्यांनी शिकवलं होतं, मीही शिकवलं होतं, की तुझी आई येणार आहे नव्या लुगड्यात. ती मांडीवरून उतरली, दोन पावलं गेली आणि तुला म्हणाली, "आई."

आणि तू "ओ" दिलीस.

मागे वळूनही न बघता दिलीस. कुणी हाक मारली की आपण देतो तशी. मग वळलीस, बघितलंस, आणि तिला जवळ घेतलंस. सगळ्या बायका "अगबाई" म्हणून डोळे पुसायला लागल्या. मला मात्र तिथं बसवेना. ती हाक माझ्या कुंदाची होती. ती तिला पुरती ऐकायलाही मिळाली नाही. बेबा बोलायला लागली ती कुंदा गेल्यावर. चपला उलट्या घालून मी दुकानाच्या पायऱ्या उतरले, ते घरी येईपर्यंत मला कळलं नाही.

तुझं काय चुकलं विचारतेस. तुझं काही चुकलं नाही गं पोरी. राग आला होता मला तुझा, फार आला होता. मग विचार केला, तू "ओ" दिली नसतीस तर? मान खाली घालून गप्प बसली असतीस, लाजून विहीणबाईंकडे बघितलं असतंस, तर? मग मी बेबाला कुणाच्या भरवशावर धुळ्याला पाठवली असती? त्या दिवसापासून पोर डोक्यावर टॉवेल घेऊन आरशापुढे बसते आणि स्वतःलाच "ओ" देते. मला विचारते, "आई न्यायला कधी येणार?" मी सांगते, येईल. तिला न्यायला कुणीच आलं नाही, असं मला या पोरीला सांगायचं नाही.

म्हणून लग्न मोडू नकोस. नानांना दाखव हे पत्र, मावशीलाही वाचून दाखव. रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी, बेबा आणि तिचे आजोबा सोनगीरला येतो. शालू घेऊन येतो. तो मी विहीणबाईंना विचारूनच निवडला आहे, गोल आहे, अबोली आहे, भरल्या पदराचा. अंजिरीही होता दुकानात, तसाच, पण नवा. त्याला मी हात लावला नाही. तो कुंदाचा. तुझा शालू तुझा असावा. तू कुणाचं उतरवलेलं नेसायला चालली नाहीस. हळदकुंकू लावून मी तो तुझ्या हातात देईन. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर अपशकुन धरू नका. एवढं मला करू द्या.

गळ्यात टाक घालतील त्याला भिऊ नकोस. बायका काहीबाही सांगतात, सवत स्वप्नात येते, छळते. कुंदा पालीला भिऊन रात्री चुलीपाशी न जाणारी पोर, ती कुणाला काय छळणार! आलीच स्वप्नात, तर बेबा जेवली का एवढंच विचारेल. तिला सांग, जेवली.

आता माझं मागणं. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात. तुझी आई तुझी वाट बघणार, तिचा हक्क पहिला, मी भांडणार नाही. पण परत धुळ्याला जाण्याआधी इकडे ये. एक रात्र ये. अंगणातल्या निंबाला झोका बांधून ठेवते. पूर्वी कुंदासाठी बांधायचे, ती गेल्यापासून दोर माळ्यावर पडलाय. तू आणि बेबा बसा. गिरधररावांना म्हणावं, हे माझं माहेर आहे, मला जायलाच हवं. नाही म्हणायचे नाहीत ते, मनाचे चांगले आहेत.

बेबाला भात मऊ लागतो. चिंच देऊ नकोस, खोकते. रडली तर उगी उगी करू नकोस, जास्त रडते. जवळ नुसतं बसून राहायचं. आणि एक महत्त्वाचं. तिला झोपताना पदराचं टोक मुठीत लागतं, नाहीतर दचकून उठते. नायलॉन, जॉर्जेट तिच्या हातातून सुटतं. हौस दिवसा करत जा, रात्री मात्र जुनं सुती पातळ नेसून तिच्याजवळ झोप. माझी दोन धुऊन मऊ झालेली तिच्या गाठोड्यात घालून देते. सुरुवातीला तीच नेस. त्यांचा वास तिला ओळखीचा आहे. मग हळूहळू तुझी.

रविवारी भेटूच. नानांना नमस्कार. तू पत्राच्या वर "ती. आईस" लिहिलंस ते मी वाचलं होतं. त्या हाकेला उत्तर द्यायचं राहिलंय.

ओ.

तुझी आई,
भागाबाई