उशी काखेत मारून ऊस तोडणारा तुझा मामा

चि. यादिरास,

तुझ्या म्हाताऱ्या आजीचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज. पवित्र कुमारी मातेच्या कृपेने गुडघे सोडले तर माझं सगळं ठीक आहे. तिकडे लेओन शहरात तुला वेळेवर जेवण मिळतं, की प्रयोगशाळेतले उंदीर तेवढे जेवतात? मला अक्षर येत नाही, म्हणून तुझा एलिसेओमामा लिहून घेतो आहे. पत्र त्याच्याबद्दलच असल्यामुळे त्याचं तोंड आताच वाकडं झालंय. (लिही रे, हेही लिही.)

पोरी, तुझे उपकार कसे मानू? लघवीला जळजळ झाली की आपली माणसं म्हणतात, चिस्ताता झाली, तापलेल्या दगडावर बसला असेल. यंदाच्या तोडणीत मामाला ती झाली, तर या शहाण्याने बुडाखाली घ्यायला माझी फुलाफुलांची उशी पळवली. जाळलेल्या उसाच्या राखेत हा उभा, कोयता खांद्यावर आणि उशी काखेत. मुकादम म्हणाला, "काय एलिसेओ, सासरी मुक्कामाला निघालास?" बूड तेवढं गार, बाकीचा माणूस तव्यावरच्या तोर्तियासारखा. पाण्याला मात्र शिवायचा नाही, कारण तापल्या अंगात गार पाणी गेलं की माणूस आखडतो, असं इथे जो तो सांगतो. संध्याकाळी अंग निवलं की पाटातलं गढूळ पाणी ओंजळीने ढोसायचं, वर अंगदुखीची गोळी. लघवी कॉफीसारखी काळी झाली तरी म्हणे, उशी पातळ पडते. (म्हणालास ना? मग लिही.)

ईस्टरला तू लघवी तपासायला डबी घेऊन आलीस, तेव्हा हा चाळिशीचा घोडा केळीआड लपला. मला म्हणतो, "आई, तूच भरून दे." म्हटलं, "माझी दिली तर मी धडधाकट निघेन आणि तू मरशील." उन्हाने आतडं सैल होतं, जंतूंचं विष रक्तात झिरपतं आणि कोरडं पडलेलं मूत्रपिंड सुजतं, हे तू समजावलंस म्हणून माझं पोर वाचलं. शेजारच्या मारुखाच्या नवऱ्याला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. शिवाय मुकादमाशी भांडून तू टोळीला सावलीचा मांडव आणि पिंपभर स्वच्छ पाणी मिळवून दिलंस. टोळीतल्या सगळ्यांच्या बायका तुझं नाव घेऊन मेणबत्ती लावतात.

तुझी आजी

ता.क. हे मी सांगते आणि मारुखा लिहिते आहे. एलिसेओ कोंबड्या कोंडायला गेलाय. नोव्हेंबरात तोडणी सुरू होईल आणि हा आतापासून कोयत्याला धार लावतोय. त्याच्या नव्या तपासणीचा कागद चांगला आला तरी वाईट आला म्हणून कळव. माझं तो ऐकत नाही, कागदाचं ऐकेल. खोट्याचं पाप माझ्या नावावर.

ता.क. यादिरा, पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय. कागद खरा काय तो पाठव. कोयता कुंपणासाठी आहे. येत्या तोडणीला येत नाही, असं मी मुकादमाला केव्हाच सांगितलंय. आईलाही सांगेन, पण जरा थांबून. सध्या ती उठता बसता पाण्याचा तुंबा घेऊन माझ्यासमोर बसते आणि तो रिकामा होईपर्यंत लहानपणीच्या गोष्टी सांगते.

मामा