रफिकला चांदवडला दिलं

५ जाने., सोम.
काल विंचूरकडूनही हरलो. अकरा पॉइंटनी. सलग तिसरी मॅच. कारण शोधायला भिंग नको, बास्केटबॉलच्या रिंगखाली आपला एकही माणूस उंच नाही. त्यांचा सेंटर नुसता हात वर करून उभा, आणि आमचे लोक त्याच्या काखेखालून उड्या मारतायत.

रफिकला शेवटची चार मिनिटं उतरवलं. दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. एकोणचाळीस वर्षांचा झाला, हात अजून थरथरत नाही. बाकी सगळा वेळ बेंचवर बसून बडबड. "नीलेश, डावीकडे ढकल त्याला, डाव्या हातानं जमत नाही त्याला." बरोबर होतं ते. नीलेश कप्तान, पण ऐकतो रफिकचं. माझं, कोचचं, ऐकल्यासारखं करतो.

शाळेत आठवीच्या पी.टी.च्या तासाला उगाच ओरडलो. घसा बसलाय.

८ जाने., गुरु.
चांदवडच्या टीमचे कोच आहेर सर, त्यांचा फोन. मधल्या सुट्टीत.
"सर, सरळ बोलतो. तुमचा रफिक आम्हाला द्या. आमची पोरं पळतात लय, पण डोकं नाय एकालाबी. बदल्यात आमचा तुषार घ्या."
तुषार म्हणजे सहा फूट पाच इंच. वय तेवीस. लीगमध्ये प्रत्येक टीमला मोसमात एकच अदलाबदल करता येते, मुदत १७ तारीख.
विचार करून सांगतो म्हटलं. खरं तर फोन ठेवायच्या आधीच मनातल्या मनात तुषारला आपल्या रिंगखाली उभा करून झाला होता. वाईट वाटायला नंतर सुरुवात झाली.

९ जाने., शुक्र.
आहेरांनी आमच्या क्लबच्या सेक्रेटरींनाही फोन केलेला दिसतो. देवरे संध्याकाळी थेट घरी.
"रफिक खेळतो किती? चार मिनिटं. चार मिनिटांच्या बदल्यात आख्खा सेंटर मिळतोय आणि तुम्ही विचार कसला करताय?"
मुद्दा खोडता येत नाही. चार मिनिटं खरी. पण ती कोण ठरवतं? मीच.

बावीस वर्षं झाली त्याला क्लबमध्ये. तो आला तेव्हा मी कप्तान होतो. पायात स्लिपर होत्या, मी म्हटलं असं नाही चालत, तर काढून अनवाणी खेळला. द्वारका चौकातल्या गॅरेजात ट्रकच्या वायरिंगचं काम करतो. दिवसभर गाडीखाली आडवा, तरी सकाळी सहाला कोर्टवर सगळ्यांच्या आधी. हे देवरेंना सांगितलं तर म्हणतील, मग सत्कार करू त्याचा.

ते गेल्यावर सुनीता कप उचलता उचलता म्हणाली, "त्यालाच विचार की. जायचं तर त्यालाच आहे."
हो म्हटलं. बायकोला चटकन हो म्हणतो तेव्हा ते करायचं नसतं, हे तिला सत्तावीस वर्षांत कळलं असणारच.

११ जाने., रवि.
प्रॅ. सकाळी ६. थंडी मरणाची. रफिक कोर्टच्या दिव्याचं बटण दुरुस्त करत होता, तोंडात स्क्रू.
"रफिक, जरा बोलायचं होतं."
"बोला की भाऊ."
तेवढ्यात नीलेश आला, बॉलमध्ये हवा नाही म्हणाला. मग पंप सापडेना. राहिलं.
पंप सापडल्यावरही बोलता आलं असतं.

खरं लिहायचं तर, विचारायची भीती वाटते. तो म्हणेल, "भाऊ, तुम्ही म्हणाल तसं." मग घालवल्याचं पाप पूर्ण माझ्या माथी. आणि नाही म्हणाला तर तुषार गेला. दोन्ही नको आहे. त्यानं आपणहून जावं आणि मला वाईट वाटावं, असं काहीतरी हवंय मला.

१३ जाने., मंगळ. भोगी
देवरेंना हो कळवलं. म्हटलं, रफिकशी मी बोलतो, तोवर कुठे काही पाठवू नका.
"बोला ना. फक्त फाइल द्या, म्हणजे माझी तयारी होईल."

फाइल म्हणजे कोऱ्या फॉर्मची. दसऱ्याला कोर्टवर रिंगला झेंडूचं तोरण, बॉलला हळद-कुंकू, पेढे, आणि मग सगळे जण एका रांगेत कोऱ्या ना-हरकत फॉर्मवर सह्या करतात. एका वर्षी दोघं ऐन वेळी बाहेरगावी होते, सह्यांवाचून फॉर्म अडकले, तेव्हापासून ही पद्धत. मीच घातलेली. स्पर्धा असो की अदलाबदल, लीगला खेळाडूची संमती म्हणून हाच फॉर्म लागतो; वर काय छापलंय ते कोणी वाचत नाही. रफिक तर तोंडात पेढा असताना सही ठोकतो आणि पेन पुढच्याला देतो. फॉर्म माझ्या कपाटात राहतात. माझ्याकडे राहणार म्हणून तर बिनधास्त करतात सह्या.
फाइल दिली देवरेंना. संध्याकाळी त्यांच्या घरी नेऊन दिली, स्वतः.

१४ जाने., बुध. संक्रांत
प्रॅक्टिसनंतर सगळ्यांना तिळगूळ. सुनीतानं डबा भरून दिला होता. रफिकनं दोन घेतले. "एक घरच्यांसाठी, भाऊ." मग माझ्याच डब्यातला एक मला देऊन, "घ्या. गोड गोड बोला."
मी म्हटलं, "तू पण."
आज सांगायला हवं होतं. एवढी चांगली वेळ होती. सणाच्या दिवशी नको म्हणून थांबलो, असं स्वतःला सांगितलं. शुक्रवारी नक्की.

१६ जाने., शुक्र.
सांगायच्या आधीच सगळं झालं.
पावणेबाराला लीगच्या ग्रुपवर यादी आली. मी वर्गात होतो, मुलं सूर्यनमस्कार घालत होती. 'अदलाबदल मंजूर', खाली त्याचं नाव, तुषारचं नाव, आणि फॉर्मचा फोटो. रकाने देवरेंच्या अक्षरात भरलेले. खाली रफिकची सही. ओळखीची, शेवटी शेपूट काढलेली.
ग्रुपवर एकशे चाळीस माणसं. सगळ्यांना एकदमच कळलं. त्याला पण तेव्हाच.
तीन मिनिटांनी त्यानं ग्रुपवर अंगठा टाकला.

देवरेंना फोन केला. चिडलोच. ते शांत. "उद्या शेवटचा दिवस. तुम्ही बोलला असाल असं धरलं मी. चार दिवस होते तुम्हाला."
चार नाही, आठ होते.
रफिकला चारदा फोन लावला. वाजतो, उचलत नाही. काम करताना फोन वर ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो तो, ते माहीत आहे मला. तरी.

१७ जाने., शनि.
सहाला हजर होता. मला वाटलं नव्हतं. हातात पिशवी, त्यात क्लबचा शर्ट, धुऊन इस्त्री केलेला.
"सर, शर्ट."
बावीस वर्षांत पहिल्यांदा सर म्हणाला. सगळी टीम मला सर म्हणते, हा एकटा भाऊ म्हणायचा.

मी घाईघाईत बोललो. चूक झाली, मी सांगणारच होतो, संध्याकाळपर्यंत मागे घेता येतं, तुझी एक सही लागेल.
"कशाला आता. लोकांना वाटेल रडून राहिला." मग चपलेनं जमिनीवरची खडी बाजूला सारत म्हणाला, "विचारलं असतं ना, तर हसत गेलो असतो. तुषार पाहिजेच टीमला. मीच म्हटलं असतं, जातो. पण सही माझी आणि खबर मला ग्रुपवर? पोरगी घरी विचारते, अब्बू, तुम्हाला काढलं का?"
"काढलं नाही रे."
"तेच सांगितलं तिला. अदलाबदल आहे म्हटलं."
नीलेश आणि बाकीचे लांब उभे होते, बूट बांधल्याचं नाटक करत. त्यानं जाऊन एकेकाच्या पाठीवर थाप मारली आणि गेला.
जेवण गेलं नाही. सुनीतानं ताट झाकून ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ जाने., रवि.
तुषारची पहिली मॅच. जिंकलो, चौदा पॉइंटनी. रिंगवरून उसळलेला प्रत्येक रिबाउंड आपला. देवरेंनी पेढे वाटले. पोरगा चांगला आहे तुषार, नम्र, सांगितलेलं करतो. त्याचा काय दोष.
बेंच मात्र गप्प. बदली खेळाडू मोबाइल बघत बसलेले.

१ फेब्रु., रवि.
एका पॉइंटनी हरलो. शेवटच्या मिनिटाला दोन फ्री थ्रो मिळवायची संधी होती, टाइमआउट घेतला, बेंचकडे वळलो आणि तोंडातून नाव गेलं, "रफिक, ऊठ." सगळ्यांनी ऐकलं. तुषारनं पण. बिचारा खाली बघायला लागला.
अदलाबदल चूक होती असं नाही. अजूनही म्हणतो, टीम म्हणून बरोबरच होती. बरोबर गोष्ट चोरासारखी केली, एवढंच. आणि हे 'एवढंच' काही लहान नाही.

कपाटातले उरलेले कोरे फॉर्म आज ज्याचे त्याला परत दिले. नीलेशनं विचारलं, "कशाला सर?" म्हटलं, लागेल तेव्हा वाचून सही करा. आपल्या शहाणपणाला मुहूर्त नेहमी उशिराचा.

११ फेब्रु., बुध.
द्वारकेला ट्रॅफिकमध्ये अडकलो. नेहमीचंच, दहा मिनिटं एका जागी. समोर त्याचं गॅरेज. ट्रकखालून दोन पाय बाहेर. त्याचेच, उजव्या घोट्याला पट्टा. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. स्कूटर बाजूला लावायला जागाही होती.
मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा निघालो. घरी येऊन सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी चांदवडला जा. नाहीतर माझ्यासमोर त्याचं नाव काढू नकोस."

२१ फेब्रु., शनि.
मागचा शनिवार टाळला, आज गेलो. पिंपळगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे क्रेट, दोन किलो घेतली. रिकाम्या हातानं कसं जायचं.

चारला त्यांची प्रॅ. सुरू. रोजे चालू झालेत, आज त्याचा तिसरा, पाण्याचा थेंब नाही. तरी पहिल्या पाचात उभा. मधे उभा राहून नुसतं बोट दाखवतो आणि चौघं त्या दिशेला पळतात. एक जण चुकला तर त्याच्या मानेला धरून जागेवर नेऊन उभा केला, दोघंही हसले. इतका मोठ्यानं हसताना मी त्याला किती वर्षांत पाहिलं नव्हतं? बेंचवर बसून माणूस किती हसणार.
आहेर शेजारी येऊन बसले. "तीस-तीस मिनिटं खेळतो हा. दम लागतो, पण बाहेर ये म्हटलं तर येत नाय. सर, तुमच्याकडं हा बेंचवर का बसायचा हो?"
खोचक नव्हतं विचारणं, खरंच विचारत होते. वय झालं म्हणून, असं मी गेली तीन वर्षं धरून चाललो होतो. तपासून पाहिलं नव्हतं.

रोजा सोडायला कोर्टच्या पायरीवरच बसला. खजूर, पाणी. द्राक्षं धुऊन आणली त्यांच्या एकानं. मला हातानं खूण केली, बसा.
माफी मागितली मी. नीट, लांबण न लावता. तो खजुराची बी हातात फिरवत राहिला. "जाऊ द्या सर" म्हणाला. गेलं असेल असं वाटलं नाही.
मग म्हणाला, "मोसम संपला की मी मोकळा. आहेर सर म्हणतात पुढच्या वर्षी इथंच राहा. कायमचा. पोरं पण मागं लागलीत. आपल्या क्लबातून कोणी परत बोलावलं तर काय करायचं, तेही कळत नाही. जवाब द्यायचाय त्यांना. तुम्ही सांगा, काय करू?"
"मला विचारतोयस?"
"मग कुणाला विचारू?"
मला तिथं त्याच्याकडे बघवेना. उद्या सांगतो म्हटलं.

२२ फेब्रु., रवि.
सकाळपासून फोन दोनदा हातात घेतला.
राहा म्हटलं तर दुसऱ्यांदा दिल्यासारखं. तिथं खेळायला मिळतं, हसतो, तेच त्याच्या भल्याचं, हे मला कालच दिसलं. ये म्हटलं तर ते माझ्यासाठी, माझं मन हलकं व्हावं म्हणून. आणि आला तर मी त्याला तीस मिनिटं खेळवणार आहे का? तुषारला बसवून?
देवरे म्हणतात, बोलवा, मुलांना शिकवायला होईल. परत त्याला न विचारता ठरवतायत. मी म्हटलं, थांबा.
त्यानं ठरवायच्या आधी मला विचारलं. मला. ह्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही.
सात वाजून गेले. रोजा सोडून झाला असेल त्याचा. फोन लावतो. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.