कापसाच्या बोळ्यावरचा थेंब

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, संग्रहालयात एकतीस वर्षं जुन्या चित्रांची सफाई-दुरुस्ती करून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. यकृत कामातून गेलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या पत्नीला. यात कोणी नाक खुपसू नये.

२. माझे ब्रश, बारीक सुऱ्या आणि भिंग हाताखाली शिकलेल्या सहकारी बाईंना. अट एकच: चित्रावरचं काहीही काढण्याआधी त्या चित्रासमोर कोण येऊन बसतं, ते विचारावं. मला ते ठाऊक होतं, तरी मी काढलं.

३. मेहुण्यांना, म्हणजे कलेच्या प्राध्यापकांना, काहीही नाही. आमची मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने गेली. भेटायला आलेल्या या गृहस्थांनी कलेने दुःख कसं हलकं होतं यावर तासभर तोंड चालवलं. पुढे ते खरं निघालं, म्हणून राग जास्त आहे.

४. मुलगी गेल्यावर पत्नी घरी रडली नाही. दर गुरुवारी ती संग्रहालयाच्या दालनात येऊन एका चित्रासमोर बसे. खिडकीशी उभी बाई, गालावर एक थेंब. तो पाहिला की हिचा बांध फुटायचा. मग घरी येऊन दोन घास जेवायची. पुढे ते चित्र माझ्या टेबलावर आलं. तपासणीत निघालं, की थेंब चित्रकाराचा नाहीच. चित्र काढल्यावर शंभर वर्षांनी कोणा आळशाच्या ब्रशवरून ओघळलेलं वार्निश. मी मोठ्या हुशारीने घरी येऊन सांगितलं.

"अहो, राहू द्या ना तो," ती म्हणाली.

"अगं, पण तो अश्रू नाहीच. वार्निश आहे नुसतं."

"मग मी रडते तेही वार्निशच का?"

मी पुसला. पंधरा मिनिटांचं काम. संग्रहालयाच्या समितीने पाठ थोपटली. चित्र पुन्हा टांगलं त्या गुरुवारी ती गेली, बसली, कोरड्या डोळ्यांनी परत आली; पुन्हा गेली नाही. त्याला चौदा वर्षं झाली. ती बोलते, हसतेही. पण रडली नाही, की मुलीचं नाव काढलं नाही. हे माझ्या हातून झालं.

५. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात काचेची बाटली आहे. तिच्यात थेंब उतरवलेला कापसाचा बोळा आहे, तपकिरी डागाचा. तो मी कचऱ्यात टाकला होता. मग हात घालून परत काढला. ही बाटली पत्नीला. बाप असून मी मुलीसाठी रडलो नाही, असं तिला वाटतं. या बोळ्यापुढे रडलो आहे, कितीदा तरी, दार लावून. ते वार्निश आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी रडलो. तुझंच बरोबर होतं गं. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल.
दिनांक: नऊ जानेवारी, गुरुवार.
सही.

आमच्यादेखत सही केली:

साक्षीदार १: उपचार करणारे डॉक्टर.

साक्षीदार २: दालनाचा पहारेकरी. (साहेबांच्या परवानगीने एक ओळ लिहितो: त्या चित्रासमोरची साहेबांच्या बाईंची खुर्ची मी अजून उचललेली नाही.)